सोमवारचं बोलणं

ताडकळस,
मार्गशीर्ष शुद्ध ५, शके १८५७

॥ शिव ॥

चिरंजीव शिवरुद्र यास बसम्माअक्काचे आशीर्वाद.

इकडं समदं खुशाल हाय. तूर फुलावर आलीय. दुकान चन्नप्पा बघतो, मी शेताकडं जाते.

रुद्रा, खबर अशी हाय की तुझ्या भाच्याचं लगीन ठरवायलेय. अन् पोरगी त्यानं आपली आपणच बघितली, मला काई तरास दिला न्हाई.

तो दर महिन्याला पाथरीला शिवलिंगअप्पा कोष्ट्याकडं लुगडी आणायला जातो, तुला ठाव हाय. दिवाळीनंतर गेला तवा एक हिरवं लुगडं त्याला लय आवडलं. तिथं शिवलिंगअप्पाची लेक मागासाठी सुताच्या कांड्या भरीत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "ते घेऊ नका. पदरापाशी धागा चुकलाय. दोन धुण्यांत उसवंल. मग बाया तुमाला शिव्या देतील, अन् तुमी आमाला." बापानं डोळे वटारले, तरी ती कांड्या भरीतच राहिली. आमचं पोरगं तिथनं जे हसत निघालं ते घरी येऊन तीन दिस हसतच होतं. चौथ्या दिशी मी इचारलं, "बाबा, झालंय काय तुला?" तवा कळलं.

तिचं नाव भागम्मा. एकोणीस वर्सांची हाय. समदं घर आपल्यासारखंच लिंगायत, गळ्यात लिंग, पूजा झाल्याबिगर तोंडात पाणी घेत न्हाईत. ते कोष्टी अन् आपण वाणी, एवढाच काय तो फरक. पण हे मी तुला काय सांगू? तूच दर सोमवारी मठात सांगतोस, लिंग गळ्यात आलं की मागची जात गेली. गेल्या श्रावणात तुझ्या मठात बसून मी ऐकलं. दोनशे माणसं मान डोलवायली होती, अन् माझ्या डोळ्याला पाणी आलं. म्हणलं, ह्याला मी कडेवर घेऊन हिंडले!

चन्नप्पाचे वडील जाऊन सात वर्सं झाली. पोराच्या पाठीशी मामा उभा पाहिजे. वैशाखात तिथी काढायची हाय. तुला सवड कवा ते लिही.

तुझी अक्का


सेलू,
मार्गशीर्ष वद्य ३, शके १८५७

तीर्थरूप बसम्माअक्का यांस शिवरुद्राचा नमस्कार, शरणार्थी.

तुमचे पत्र पावले. मजकूर वाचून फार विचारात पडलो.

मी मठात जे सांगतो ते खोटे नाही. पूजेत सगळे लिंगधारी समान, याबद्दल माझे दुमत नाही. पण सोयरीक ही निराळी बाब आहे. चार लोकांत राहायचे तर चार लोकांचे पाहावे लागते. सेलूच्या बाजारपेठेत आपल्या घराण्याची इज्जत आहे, ती एका दिवसात झालेली नाही. चन्नप्पा अजून कच्चा आहे. हसू येणे हे काही लग्नाचे कारण होत नाही. त्याच्यासाठी मी इकडे दोन चांगली स्थळे पाहून ठेवली आहेत.

आणि वैशाखात कापसाची फार गडबड असल्यामुळे माझे येणे होणार नाही. तुम्ही सुज्ञ आहात. अधिक काय लिहू?

आपला,
शिवरुद्र


ताडकळस,
पौष शुद्ध २, शके १८५७

चिरंजीव शिवरुद्रास आशीर्वाद.

'तुमचे पत्र', 'यांस', 'तुम्ही सुज्ञ'! रागावलास की अक्काला तुमी म्हणायची तुझी लहानपणची खोड हाय. एकदा मी तुझी बोरं खाल्ली तवा आठ दिस मला 'अहो अक्का' म्हणत होतास.

अन् वैशाखात कापूस कसला रे? वैशाखात तुझ्या आडतीवर कुत्रं झोपलेलं असतं. मी दोनदा बघितलंय.

आता तुझी दुसरी गोष्ट. पूजेत समान अन् पंगतीत येगळे, हे कोणत्या शरणानं, कोणत्या संतानं सांगितलंय? मी पोथी वाचली न्हाई. तुझ्या तोंडून ऐकलं तेवढंच मला ठाव हाय. तेवढं ऐकून मी इथं बायांना सांगत आले, आमच्या घरात जात न्हाई, माझा भाऊ असं बोलतो. आता ते तूच माघारी घ्यायला लागलास तर माझ्यापाशी काय उरलं?

तू म्हणतोस चार लोकांचं बघावं लागतं. ते चार लोक कोण, त्यांची नावं लिहून पाठव. मी एकेकाला जाऊन भेटते.

ते जमत नसंल तर मीच शिवरातीला सेलूला येते. तुझं बोलणं झालं की मठात उभी राहीन अन् समद्यांदेखत इचारीन, की बाबा, हे जे सांगतोस ते आमच्या घरी कवा लागू करणार?

चन्नप्पा शरणार्थी सांगायलाय. तो अजून हसायलाय.

तुझी अक्का


सेलू,
पौष वद्य १, शके १८५७

अक्का,

तुला बोलायचं ते तू बोललीस. आता माझं ऐक.

गेल्या दिवाळीत मी ताडकळसला होतो. ऐन जेवणाच्या वेळी शिवलिंगअप्पा लुगड्यांचा गठ्ठा घेऊन आले. तू त्यांना उपाशी जाऊ दिलं नाहीस. भरपूर वाढलंस, वर तूपही घातलंस. पण कुठं वाढलंस? मी आणि चन्नप्पा आत पाटावर बसलो, पितळी ताटात जेवलो. ते ओट्यावर, पत्रावळीवर. पाणी तू त्यांच्या ओंजळीत वरून ओतलंस. जेवण झाल्यावर पत्रावळ त्यांनी स्वतः उचलून उकिरड्यावर टाकली, आणि तू त्या जागी सडा घातलास.

मी आतून सगळं पाहत होतो. काही बोललो नाही, कारण मलाही ते बरोबरच वाटलं.

तर आता सांग, शिवरात्रीला मठात कोणत्या तोंडानं उभी राहणार?

शिवरुद्र


सेलू,
माघ शुद्ध ८, शके १८५७

वन्संच्या पायाशी गंगम्माचे शरणार्थी.

मला लिवता येत न्हाई, म्हणून लेकीच्या, मल्लम्माच्या हातानं लिवून घ्यायलेय. मालकांना ठाव न्हाई.

तुमची चिठ्ठी आली न्हाई त्याला तीन हप्ते झाले. टपालवाला गल्लीत आला की मालक दुकानाच्या पायरीवर येऊन उभे राहतात, अन् कुणी बघितलं की म्हणतात, "मी हवा खायलोय." जेवण धड न्हाई. शेवटच्या चिठ्ठीत लय लागट लिवलं, असं एकदा आपल्याशीच पुटपुटले.

वन्सं, तुमाला वाटत असंल तुमच्या भावाला गर्व झालाय. तसं न्हाई. मल्लम्माला परभणीचं एक स्थळ आलंय. मोठं घर हाय, सराफीची पेढी हाय. मुलाच्या वडलांना चन्नप्पाची खबर कुठनं तरी लागली. ते आडतीवर आले अन् चार माणसांत म्हणाले, "तुमी कोष्ट्याच्या मांडवात उभे राहिलात, तर आमी मोकळे." मालकांनी हे तुमाला लिवलं न्हाई. लिवलं तर तुमी आपणहून म्हणाल, नको येऊस, अन् ते त्यांना सोसायचं न्हाई. म्हणून कापसाचं निमित्त सांगितलं. त्यांना खोटं बोलता येत न्हाई, वैशाखात कापूस सांगून बसले.

मला काय करावं कळंना. तुमाला कळवलं, एवढंच.

गंगम्मा

(आत्या, आई सांगायलीय तसं लिवलंय. माझ्याच स्थळाचं मलाच लिवावं लागलं. त्या स्थळाबद्दल मला अजून कुणी काही इचारलं न्हाई. — मल्लम्मा)


ताडकळस,
माघ वद्य ६, शके १८५७

चिरंजीव रुद्रास अक्काचे आशीर्वाद.

तुझी चिठ्ठी वाचली अन् पयल्यांदा लय राग आला. चिठ्ठी नेऊन पिठाच्या डब्याखाली ठिवली. दोन दिस मनाला सांगत होते, खोटं हाय, मी तसलं काई केलंच न्हाई. मग चन्नप्पाला इचारलं. तो म्हणाला, "आई, ते कवाही आले तरी ओट्यावरच तर वाढतेस."

"मग तू काहून बोलला न्हाईस?"

"मी पण आतच बसून जेवत होतो की."

मग मला रडू आलं, अन् रडता रडता हसूबी आलं रे. पन्नाशीला टेकलेली बाई भावाला शानपण शिकवाया निघाली, अन् सोताच्या ओट्यावर काय चाललंय ते हिला ठाव न्हाई!

मग मी अन् चन्नप्पा निघालो. पूर्ण्याला आगगाडीत बसलो, मानवत रोडला उतरलो, तिथनं टांग्यानं पाथरी. शिवलिंगअप्पा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले होते. मला दारात बघितलं अन् धोटा त्यांच्या हातातच राहिला. मी म्हणलं, "दादा, भूक लागलीय. तुमच्या घरात, तुमच्या पंगतीला जेवीन." त्यांची घरधनीण घाबरली अन् शेजारनं नवा तांब्या मागून आणायला निघाली. मी तिचा हात धरला. ज्या तांब्यानं ते समदे पितात त्यानंच मी पाणी प्याले. भाकर अन् पिठलं होतं. लय गोड लागलं.

जेवल्यावर मी ओट्याची माफी मागितली. शिवलिंगअप्पांनी पानाचा डबा माझ्यापुढं सरकवला. मग म्हणाले, "बाई, तीस वर्सं गठ्ठे घेऊन गावोगाव हिंडलो, समद्यांच्या ओट्यावर जेवलो. माफी मागाया आलेल्या तुमी पयल्याच."

मला वाटलं, झालं, ठरलं लगीन. कशाचं! ते पुढं म्हणाले, "पण वाण्याच्या घरी मी लेक देणार न्हाई. तुमच्या लोकांचे हात मऊ. आमच्यात काम हीच पूजा."

चन्नप्पा म्हणाला, "मला बसवा मागावर." अन् बसला की! पाच फेऱ्यांत अकरा धागे तोडले. समदं घर हसायलं. तवा भागम्मा उठली अन् त्याला म्हणाली, "सरका." खड्ड्यात उतरली, धागे जोडले, अन् बघता बघता दोन बोटं कापड विणलं, एकसारखं. शिवलिंगअप्पाचं तोंड तू बघाया पाहिजे होतंस! त्यांच्यात बाया कांड्या भरतात, मागावर बसत न्हाईत. बाप बाजाराला गेला की ही पोरगी चोरून विणायची, अन् ते कापड बापाच्या नावानं खपायचं.

मी म्हणलं, "दादा, काम हीच पूजा, मग लेकीला पूजेला काहून बसू देत न्हाईत?"

त्यांनी कपाळाला हात लावला. मग असे हसले की ठसका लागला. म्हणाले, "बाई, आता न्हाई कसं म्हणू? करा तिथी नक्की." असं लगीन ठरलं.

आता ऐक. मल्लम्माच्या स्थळाचं मला कळलंय. कुणी सांगितलं ते इचारू नको. मी येडी, मला वाटलं माझा भाऊ गर्वात गेला. तू भ्यायला होतास, अन् तेबी लेकीसाठी. मी शिवरातीला येत न्हाई. मठात काई इचारत न्हाई. तू लग्नाला येऊ नको. चन्नप्पाच्या पाठीशी मी उभी राहीन. एक पोरगी घरात आणायची म्हणून दुसरीच्या वाटंत काटे टाकणारी मी न्हाई. माझ्या मनात काई न्हाई, तुझ्याबी मनात काई ठिवू नको.

तुझी अक्का


सेलू,
फाल्गुन शुद्ध ११, शके १८५७

अक्काच्या पायाशी रुद्राचे शरणार्थी.

तुझी चिठ्ठी मी आडतीवर गादीवर बसून वाचली. 'येऊ नको' वाचून मला हलकं वाटायला पाहिजे होतं. तसं वाटलं नाही. तू पाथरीला जाऊन माफी मागून आलीस, आणि मी इथं तुझ्या माफीच्या आडोशाला बसलो, असं वाटायला लागलं.

शिवरात्रीनंतरच्या सोमवारी मठात बोलायला बसलो. नेहमीचंच बोललो. लिंगधारी तेवढे सगळे एक. माणसं मान डोलवत होती. बोलणं संपवून उठणार, तेवढ्यात बायांच्या बाजूनं बांगड्या वाजल्या. पाहतो तर गंगम्मा उभी. अक्का, आमच्या लग्नाला बावीस वर्षं झाली. लोकांत ती माझ्याशी कधी एक शब्द बोललेली नाही.

म्हणाली, "मला एक शंका हाय."

मी म्हणालो, "बोल."

"लिंगधारी समदे एक म्हणता. आपल्या भाच्याचं लगीन कोष्ट्याच्या लेकीशी ठरलंय. तर मामानं त्या लग्नाला जायचं का न्हाई?"

आडत बाजाराचे चौधरी मल्लेशप्पा माझ्या उजव्या हाताला बसले होते. ते म्हणाले, "बाई, घरची गोष्ट घरी."

खरं सांगतो, त्या क्षणी मला गंगम्माचा राग आला, तुझाही आला. मग मल्लम्माकडं नजर गेली. ती आईशेजारी बसली होती आणि माझ्याकडं टक लावून पाहत होती. मी काय बोलतो ते तिला ऐकायचं होतं.

मी म्हणालो, "चौधरी, घरची गोष्ट घरी ठेवली म्हणूनच इथलं बोलणं पोकळ झालं. आठ वर्षं मी तुम्हा सगळ्यांना सांगत आलो, आणि माझी पाळी आली तेव्हा वैशाखात कापूस आहे म्हणून सांगितलं. मी लग्नाला जाणार."

मल्लेशप्पा उठून गेले. त्यांच्यामागं सहा-सात जण गेले. मठाच्या स्वामींनी मात्र मला जवळ बोलावून विचारलं, "लग्न कुठल्या तिथीला?"

दुसऱ्याच दिवशी मी परभणीला सगळं खरं लिहून कळवलं. पाचव्या दिवशी उत्तर आलं, स्थळ मोडलं. मल्लम्माला कसं सांगावं, म्हणून मी अंगणात फेऱ्या मारीत राहिलो. शेवटी सांगितलं. ती म्हणाली, "अप्पा, तो मला बघायला आला तवा माझ्याकडं एकदा बघितलं, अन् आपल्या घराच्या माळवदाकडं सात येळा. मी मोजलं." मी हसलो. पण दुपारी ती भांडी घासताना डोळे पुसायली होती. मी जाऊन शेजारी बसलो आणि भांडी विसळायला लागलो. ती म्हणाली, "अप्पा, राख तशीच राहिलीय ताटाला. जा तुम्ही." तेव्हा मात्र ती खरंच हसली.

मला या गोष्टीचं दुःख आहे, अक्का, तुझ्यापासून लपवत नाही. पण टपालवाल्याची वाट बघण्यापेक्षा हे दुःख बरं.

गंगम्माला विचारलं, एवढं धाडस कुठून आलं? म्हणाली, "वन्सं येणार न्हाईत म्हणाल्या. मग कुणीतरी इचाराया पाहिजे होतं."

तुझा रुद्रा


ताडकळस,
चैत्र शुद्ध ७, शके १८५८

चिरंजीव रुद्रास अक्काचे लय लय आशीर्वाद.

तुझी चिठ्ठी चन्नप्पानं मोठ्यानं वाचली, मग मी वाचली, मग शेजारच्या तानुबाईला बोलावून तिच्यापुढं चन्नप्पाला परत वाचायला लावली. गंगम्माला सांग, ती इथं आली की मी तिला पाटावर बसवून वाढणार अन् तिला उठूच देणार न्हाई.

लगीन वैशाख शुद्ध दशमीचं हाय. मल्लम्माला आठ दिस आधी पाठव. तिला सांग, आत्यानं तुला इचारलंय, तुला काय पाहिजे? अजून शिकायचं असंल तर शीक, लगीन करायचं असंल तर पोरगा तूच बघ. आमच्याकडं आता तशीच रीत पडायलीय.

इथंबी दोन घरांनी आमंत्रण माघारी धाडलं. एका म्हातारीनं तर माझ्या दारावरनं जायचं सोडून फेरा घातला. मी ओट्यावरनं हाक मारली, "मावशी, ऊन लय हाय, पाणी पिऊन जावा." तिसऱ्या दिशी आली. पाणी प्याली अन् इचारलं, "सूनबाई लुगडं विणती म्हणं? माझ्यासाठी एक विणंल का?"

लवकर ये.

अक्का


सेलू,
वैशाख वद्य ८, शके १८५८

अक्काच्या पायाशी रुद्राचे शरणार्थी.

आम्ही सुखरूप पोचलो. मल्लम्मा आणखी महिनाभर तुझ्याकडंच राहणार म्हणते, तर राहू दे. भागम्माकडून विणायला शिकायचं तिच्या मनात आहे.

लग्नात तुला सांगायचं राहिलं ते लिहितो. जेवायला मी शिवलिंगअप्पांच्या शेजारी बसलो. गव्हाची गोड हुग्गी वाढली होती. त्यांनी आपल्या पानातला घास उचलला आणि माझ्यापुढं धरला. हसत होते, पण त्यांचा हात थांबला होता. ते माझी पारख करायले होते, अक्का. एका क्षणासाठी माझं अंग आखडलं. आठ वर्षं बोलून सुद्धा! मी तो घास खाल्ला आणि त्यांना म्हणालो, "अप्पा, माझं अंग आखडलं होतं." ते म्हणाले, "दिसलं मला. माझंबी आखडलं होतं. वाण्याला घास भरवायचा म्हंजे काय!" मग आम्ही दोघं इतके हसलो की वाढपी दुसऱ्या पंगतीत निघून गेला.

इथं बाजारात चार माणसं अजून मला राम राम करीत नाहीत. मल्लेशप्पा करीत नाहीत. पण त्यांच्या घरच्यांनी भागम्मासाठी एक खण पाठवलाय, आणि कुणाला सांगू नका म्हणून निरोप आहे.

काल सोमवार होता. मठात बसलो आणि नेहमीचं बोलणं तोंडातून निघेना. म्हणालो, "आज मी बोलत नाही. आपण सांगतो एक आणि करतो दुसरं, असं ज्याला स्वतःत दिसलं असेल, त्यानं सांगावं. दुसऱ्याचं सांगायचं नाही." माणसं एकमेकांकडं पाहायला लागली. मग मागून एक तेली म्हणाला, "मी देवाच्या दिव्याला भेसळीचं पातळ तेल देतो." सगळे हसले. मग एक जण उठला, म्हणाला, बाप जिता असताना भाकर आदळून वाढली, आता दर साल त्याच्या नावानं जेवण घालतो. तेव्हा कुणी हसलं नाही. मग स्वामी स्वतः म्हणाले, "पायावर डोकं ठेवू नका असं मी सांगतो, आणि कुणी ठेवलं नाही की मला दिवसभर रुखरुख लागते." अक्का, मठात एवढं हसू मी कधी ऐकलं नव्हतं. बायांच्या बाजूनं तर थांबेचना.

उठताना स्वामींनी विचारलं, पुढच्या सोमवारी कोण बोलणार? बाया एका आवाजात म्हणाल्या, "गंगम्मा."

कालपासून घरात मला बोलायची बंदी आहे. मी तोंड उघडलं की ती म्हणते, "थांबा, मी तालीम करायलेय." आत्ताही आतल्या खोलीत चालू आहे. मी दाराशी बसून ऐकतोय. बरंच माझ्याबद्दल आहे.

तुझा,
रुद्रा